समुद्रकाठच्या शहरासाठी कमान आणि पायी पूल: डिझाइन करताना सुरुवात कुठून करायची

माझी भाची अमळनेरची, नाशिकला आर्किटेक्चर शिकते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी आली तेव्हा लॅपटॉप घेऊनच धुळ्याला आमच्याकडे आली, म्हणे मामा, सेमिस्टरचा प्रोजेक्ट आहे, समुद्रकाठच्या शहरात खाडीच्या तोंडावर शिल्पासारखी प्रवेशकमान करायची आणि तिला जोडून फक्त चालणाऱ्यांसाठी पूल, बघ ना कसं झालंय. स्क्रीनवर एक मोठ्ठा शिंपला, त्याच्यातून पूल बाहेर येतोय आणि पलीकडच्या काठावर उतरतोय. दिसायला छान होतं, खोटं कशाला बोलू. मी विचारलं हा शिंपला कशावर उभा आहे? तर म्हणाली ते स्ट्रक्चरवाले बघतील ना नंतर.

मी तोच स्ट्रक्चरवाला आहे, बावीस वर्षं झाली हे काम करतोय, त्यातली काही वर्षं कोकणात काढली, आणि हे "नंतर" फार महाग पडतं हे मी बघितलंय. तिला त्या दिवशी तीन तास बसून जे सांगितलं तेच इथं नीट लिहून काढतोय, कारण आपल्या खान्देशातली बरीच पोरं आता डिझाइनला, सिव्हिलला जातात आणि समुद्र आपण लहानपणापासून बघितलेला नसतो, आपल्याला नदी माहिती, तीही वर्षातले आठ महिने कोरडी. धुळ्याच्या पांझरेचं पाणी वरून खाली एकाच दिशेनं येतं. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं, आणि हा फरक डोक्यात बसल्याशिवाय पेन्सिल हातात घ्यायचीच नाही.

आधी जागेवर जा, आणि एकदा नाही

गुगल मॅपवरून साइट अ‍ॅनालिसिस होत नाही. शक्य असेल तर सुरतची बाजू निवडा असं मी भाचीला म्हटलं, कारण नंदुरबारवरून ताप्ती लाइनची गाडी पकडली की सुरत, आणि तिथून डुमसला गेलं की आपलीच तापी समुद्राला मिळते तिथपर्यंत पोचता येतं. तिथं दिवसभर बसा. भरतीला पाणी कुठपर्यंत चढलं, ओहोटीला किती चिखल उघडा पडला, याचे फोटो एकाच जागेवरून दर तासाला काढा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास गेलात तर उधाण दिसेल. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती साडेचार मीटरच्या वर जाते, खंभातच्या आखातात तर हा चढउतार त्याहून पुष्कळ मोठा आहे, आणि तुमच्या पुलाची खालची उंची त्या सगळ्यात वरच्या पाण्यापासून मोजायची, रोजच्या पाण्यापासून नाही. ही चूक पोरं हमखास करतात.

त्या पाण्यावरून काय जातं तेही बघायचं. खाडीत मासेमारीच्या बोटी असतील तर कोळीवाड्यात जाऊन विचारा, नाखवादादांना म्हणा तुमच्या बोटीची काठी पाण्यापासून किती उंच आहे, कोणत्या वेळेला आत येता, वळण कुठं घेता. दोन चहात जी माहिती मिळते ती कुठल्या रिपोर्टात मिळत नाही. आणि कमान म्हणजे काय, शहराचा दरवाजा, तर तिथले लोक रोज कुठून आत येतात हे त्यांनाच विचारायला नको का? खूप ठिकाणी दरवाजा पाहुण्यांसाठी उभा करतात आणि गावातला माणूस त्याच्या बाजूनं वळसा घालून जातो, मला त्याचं फार वाईट वाटतं.

मुंबईचा गेटवे बघितलाच असेल सगळ्यांनी. त्याची गोष्ट डिझाइनच्या विद्यार्थ्यानं नीट समजून घ्यावी अशी आहे. १९११ ला राजा पंचम जॉर्ज आला तेव्हा कमान तयारच नव्हती, त्याला पुठ्ठ्याची कमान बघायला मिळाली. पायाचा दगड बसला ३१ मार्च १९१३ ला, आर्किटेक्ट जॉर्ज विटेटचं डिझाइन मंजूर झालं १९१४ ला, आणि लोकांसाठी उघडली ४ डिसेंबर १९२४ ला. मधली बरीच वर्षं गेली समुद्रात भराव घालण्यात आणि धक्क्याची भिंत बांधण्यात. म्हणजे आपल्याला दिसते ती २६ मीटरची पिवळ्या बेसॉल्टची कमान, पण काम त्याच्या खाली झालंय. तुमच्या शीटवर पाण्याच्या वर जेवढं काढाल तेवढंच पाण्याच्या खालीही काढा, पाइल (जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब) किती खोल, चिखल किती, खडक कुठं लागतो, निदान अंदाजानं तरी.

माणसं किती, आणि ती वर चढणार कशी

पूल पायी चालणाऱ्यांचा आहे म्हणून हलका असतो असा एक गैरसमज आहे. आयआरसी ६ (पुलांवरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे जिथं गर्दी होणार तिथं चालण्याच्या पट्ट्यावर चौरस मीटरला ५०० किलो धरायचे. आता १०० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद पूल धरा, ४०० चौरस मीटर, म्हणजे २०० टन नुसती माणसं. आपल्याकडं सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा कानबाईच्या विसर्जनाला नदीवर गर्दी कशी होते ते आठवा, माणूस पुलावर चालत नाही, तो थांबतो, आणि सगळे एकाच कठड्याला येऊन टेकतात कारण विसर्जन त्याच बाजूला चाललेलं असतं. समुद्राकाठी तर रोज संध्याकाळी सूर्य बुडताना हेच होणार, सगळा पूल पश्चिमेच्या रेलिंगला. म्हणून अर्ध्या रुंदीवर भार आणि अर्धी रिकामी ही केस वेगळी तपासायची, पूल पिळतो का ते बघायचं.

आणि जिथं थांबणार तिथं थांबायची जागाच द्या. पूल सगळीकडं सारख्या रुंदीचा असायलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय? अहमदाबादचा अटल पूल ३०० मीटर लांब आहे, २०२२ ला सुरू झाला, त्याची रुंदी १० ते १४ मीटरमध्ये बदलत जाते, मधे लोक बसतात, फोटो काढतात, आणि जाणाऱ्याला वाट मोकळी राहते.

आता रॅम्प. भाचीच्या डिझाइनमध्ये रॅम्पच नव्हता, दोन्ही टोकांना जिने. मी तिला विचारलं की आजी आल्या तर? (माझी आई, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चार पायऱ्या म्हणजे तिला डोंगर.) १ ला १२ चा उतार धरला तर बोटींसाठी पूल ६ मीटर वर उचलायचा म्हणजे ७२ मीटरचा नुसता उतार, त्यात दर ९ मीटरला दीड मीटरची सपाट जागा पाहिजे म्हणजे व्हीलचेअर ढकलणाऱ्याला दम खाता येईल, सगळं मिळून ८० मीटरच्या वर जातं. एका काठाला. पलीकडं पुन्हा तेवढंच. भाचीचा चेहराच पडला, म्हणाली मामा मग रॅम्प पुलापेक्षा मोठा होईल की.

हो, होईल. आणि माझं म्हणणं इथंच आहे, की मग तो रॅम्पच तुमचं शिल्प करा. ८० मीटरची वाट काठावरून गोल फिरत वर चढतेय, तिच्याच पोटाखालून शहरात शिरायचा दरवाजा तयार होतोय, वर पोचलात की समोर खाडी. मग कमान वेगळी उभी करायची गरजच उरत नाही, चढणारी वाट हीच कमान. जे आहे ते काहीतरी काम करतंय, नुसतं दाखवायला उभं नाही.

शिंपला, मासा, लाट

समुद्र म्हटलं की शिंपला, मासा, लाट, होडीचं शीड, हे पहिलं डोक्यात येतं आणि सगळ्यांच्याच येतं. मी चित्राच्या विरुद्ध नाही, पण वस्तूचं चित्र उचलण्यापेक्षा ती वस्तू उभी कशी राहते ते उचला. शिंपला पातळ असून मजबूत का, तर तो वाकलेला आहे आणि त्याला पन्हाळ्यांसारख्या घड्या आहेत. होडीचं अंग पातळ फळ्यांचं, पण आतून फासळ्या. जाळं ताणलं की भार वाहतं, ढिलं सोडलं की नाही. यातलं एक धरा आणि शेवटपर्यंत धरून ठेवा. फासळ्या धरल्या तर त्याच फासळ्या पुलाचा डेक (ज्याच्यावरून चालतो तो भाग) धरतील, त्याच पुढं वाढत जाऊन कठडा होतील आणि काठावर मोठ्या होत कमान होतील. परीक्षेला उभं राहिल्यावर कोणी विचारलं यातला कोणता भाग काढला तरी पूल उभा राहील, तर उत्तर "कोणताच नाही" असं यायला पाहिजे.

गोंदूर माहिती असेल, धुळ्याच्या शेजारचं, शिल्पकार राम सुतारांचं गाव. त्यांचा स्टॅच्यू ऑफ युनिटी १८२ मीटर उंच, पण आपण बघतो ते कांस्य म्हणजे बाहेरची कातडी, आत काँक्रीटचे गाभे आहेत आणि त्यांना स्टीलची चौकट, त्या चौकटीला पत्रे. एवढी उंच मूर्ती वाऱ्यात उभी राहते ती शिल्पकार आणि इंजिनीअर दोघांच्या हिशोबावर. म्हणून कॉलेजातच सवय लावा, ग्रुपमध्ये सिव्हिलचा एक मित्र पहिल्या दिवसापासून घ्या, शेवटच्या आठवड्यात "जरा चेक करून दे ना" म्हणून नाही.

झोक्याचं गणित

हे मी भाचीला अंगणातल्या निंबाच्या झोक्यावरच समजावलं, आखाजी होतीच. पोरी झोका देतात तेव्हा ताकद किती लावतात? फार नाही. पण झोका परत येऊन पुढं निघाला की नेमकं तेव्हा ढकलतात, दर वेळी थोडंसं, आणि दहाव्या झोक्याला पोरगी फांदीपर्यंत जाते. पुलाचंही तेच. प्रत्येक पुलाचा स्वतःचा एक ताल असतो आणि चालणाऱ्याच्या पावलांचा एक, दोन्ही जुळले की पूल हलायला लागतो. आपल्या एरंडोल तालुक्यातले फरकांड्याचे झुलते मनोरे ऐकले असतील, एक हलवला की दुसरा हलायचा, आता त्यातला एकच उभा आहे. जुन्या लोकांना चमत्कार वाटायचा, पण तो हाच ताल.

माणूस साधारण सेकंदाला दोन पावलं टाकतो, म्हणजे उभ्या दिशेत २ हर्ट्झच्या आसपास धक्का. आणि डावा-उजवा पाय आळीपाळीनं पडतो म्हणून आडव्या दिशेत १ हर्ट्झ. लंडनचा मिलेनियम ब्रिज याच्यातच अडकला. आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टर, शिल्पकार अँथनी कारो आणि अरुप कंपनीचे इंजिनीअर, तिघांनी मिळून केलेला सुंदर पूल, १० जून २००० ला उघडला आणि १२ जूनला बंद करावा लागला. तो पडणार नव्हता, पण आडवा हलत होता, मधल्या भागात साधारण ७ सेंटीमीटर. आणि गंमत अशी की पूल जरा हलला की माणूस तोल सांभाळायला पाय फाकवून त्याच तालात चालायला लागतो, तसे सगळेच चालायला लागतात आणि पूल अजून हलतो. शेवटी डँपर, म्हणजे हलणं शोषून घेणारी यंत्रणा, बसवून फेब्रुवारी २००२ ला पुन्हा सुरू केला. एवढ्या मोठ्या लोकांकडून हे झालं तर आपण तपासायलाच हवं.

विद्यार्थ्यांसाठी एक सोपी रीत देतो, सॉफ्टवेअर नसलं तरी चालेल. दोन्ही टोकांना टेकलेला साधा पूल स्वतःच्या वजनानं मध्यावर किती मिलिमीटर झुकतो ते काढा, त्याचं वर्गमूळ घ्या आणि १८ ला त्यानं भागा, उभ्या दिशेतली फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये मिळते. ८१ मिलिमीटर झुकत असेल तर वर्गमूळ ९, उत्तर २ हर्ट्झ, म्हणजे बरोबर पावलांच्या तालावर, वाईट. ३६ मिलिमीटर असेल तर ३ हर्ट्झ, जरा निश्चिंत. आडव्या दिशेचं वेगळं बघावं लागतं, पण सडपातळ लांब पूल काढलात आणि बाजूला काही आधारच नाही तर तिथं शंका घ्या, किंवा डँपरला जागा ठेवा. जागा आत्ताच ठेवायची बरं का, नंतर डेकखाली लटकवलेले डबे फार वाईट दिसतात.

खारा वारा: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

कोकणात असताना एका छोट्या गावात समुद्राच्या बाजूला एक प्रवेशकमान आणि छोटी डेक केली होती. ड्रॉइंगमध्ये मी स्टेनलेसच्या पट्ट्या आणि स्टेनलेसचेच बोल्ट दाखवले होते. कामावर बोल्ट आले ते साधे, वरून चांदीसारखा मुलामा दिलेले. मी त्या आठवड्यात धुळ्याला होतो, परत गेलो तर काम पूर्ण झालेलं, रंग मारलेला, दिसत तर सारखंच होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं. पहिला पावसाळा संपला आणि प्रत्येक वॉशरखालून तपकिरी ओघळ. दुसऱ्या वर्षी एक बोल्ट काढून बघितला, डोकं ठीकठाक होतं, बाहेर आलेले आटेही ठीक होते, पण वॉशरच्या खाली मान एवढी बारीक झालेली की चघळलेल्या उसाच्या पेरासारखी. सगळे बोल्ट बदलले, खर्च गेला तो गेला, पण त्या डेकवर दीड वर्ष शाळेची पोरं उड्या मारत होती ते आठवलं की अजून झोप उडते.

कारण समजून घ्या. दोन वेगळे धातू एकमेकाला चिकटले आणि मधे खारं पाणी आलं की बॅटरी तयार होते, त्यातला कमकुवत धातू झिजतो. आणि कमकुवत धातू आकारानं छोटा, चांगला धातू मोठा असेल तर सगळी झीज त्या छोट्यावर येते. मोठ्या स्टेनलेसच्या प्लेटमध्ये छोटा साधा बोल्ट म्हणजे हेच. उलटं, गॅल्व्हनाइझ (जस्ताचा मुलामा दिलेल्या) प्लेटमध्ये स्टेनलेसचा बोल्ट तितकासा वाईट नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे दोन्ही एकाच धातूचे, आणि वेगळे वापरायचेच असतील तर मधे नायलॉनचा वॉशर आणि बोल्टभोवती स्लीव्ह.

अमेरिकेच्या स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचंही हेच झालं. बाहेर २.४ मिलिमीटरचा तांब्याचा पत्रा, आत लोखंडी पट्ट्या, मधे दोन धातू वेगळे ठेवायला थर घातला होता, तो कालांतरानं खराब झाला आणि लोखंड खाऱ्या हवेत गंजत गेलं. शंभर वर्षं पूर्ण होताना, १९८६ च्या आधी, त्या पट्ट्या काढून स्टेनलेसच्या घातल्या. आणि आपल्याकडचं ताजं, मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा, ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नट-बोल्ट गंजल्याची लेखी सूचना त्याच महिन्यात गेली होती. समुद्राकाठी शिल्प उभं करणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं, नऊ महिनेही झाले नव्हते.

मग वापरायचं काय. स्टेनलेसमध्ये ३०४ ग्रेड नको, ३१६ घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं, मिठातल्या क्लोराइडला जास्त टिकतं. जिथं लाटेचे तुषार सरळ उडतात तिथं डुप्लेक्स स्टेनलेस (अजून जास्त टिकणारा प्रकार), सिंगापूरचा हेलिक्स ब्रिज, २८० मीटरचा, याच डुप्लेक्सचा आहे. पण नुसता ग्रेड लिहून भागत नाही. स्टेनलेसवर चहाच्या डागासारखे डाग येतात ते कुठं येतात माहिती आहे का, जिथं पावसाचं पाणी पोचत नाही तिथं, म्हणजे छज्जाखाली, डेकच्या पोटाला. पाऊस मीठ धुवून नेतो, आडोशाला मीठ बसून राहतं. म्हणून आडोसे कमी करा, सपाट कडा थोड्या उताराच्या करा म्हणजे पाणी साचणार नाही, आणि पुलावर ठिकठिकाणी गोड्या पाण्याचे नळ द्या, धुवायला. ही गोष्ट मी अजून एकाही विद्यार्थ्याच्या ड्रॉइंगमध्ये बघितली नाही. तो मुद्दाम गंज चढू देतात तो लालसर स्टीलचा प्रकार फोटोत सुंदर दिसतो, पण त्याचा गंजाचा थर खाऱ्या हवेत घट्ट बसत नाही, समुद्राकाठी नका घेऊ.

काँक्रीटसाठी आयएस ४५६ या भारतीय मानकातला तक्ता पाठच करा. समुद्राकाठची हवा असेल तर 'सिव्हिअर', एम ३० (काँक्रीटच्या ताकदीचा ग्रेड) आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेरचा काँक्रीटचा थर. लाटेचे तुषार उडत असतील तर 'व्हेरी सिव्हिअर', एम ३५ आणि ५० मिलिमीटर. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, म्हणजे जिथं रोज ओलं-सुकं होतं, तिथं 'एक्स्ट्रीम', एम ४० आणि ७५ मिलिमीटर. आपल्याकडं धुळ्याच्या साइटवर कव्हरसाठी खडीचा तुकडा सरकवून देतात, तसलं समुद्राकाठी केलं की पाच-सात वर्षांत सळई फुगते आणि काँक्रीटच्या खपल्या पडतात. ७५ मिलिमीटर कव्हर म्हणजे तुमचे खांब जाडच होणार, तेव्हा रेंडरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या चित्रात) काडीसारखे खांब काढून नंतर रडू नका, जाड खांबाचं डिझाइन करा.

आणि मोरबी विसरून चालणार नाही. ३० ऑक्टोबर २०२२, गुजरातेतल्या मच्छू नदीवरचा झुलता पूल, १३५ माणसं गेली. चौकशीत एका मुख्य केबलच्या ४९ पैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या असं समोर आलं, म्हणजे जवळपास निम्मी केबल नव्हतीच, आणि वरून नवी जड फरशी. केबलचा पूल करणार असाल तर केबल उघडून बघता येईल, एकेक करून बदलता येईल, त्या वेळी पूल उभा राहील, हे तुम्ही ड्रॉइंगमध्येच दाखवायला पाहिजे. तिथं पोचायला शिडी कुठून, माणूस दोर कुठं अडकवणार, सगळं.

वारा आणि सोनगीरचा पत्रा

वाऱ्याचा दाब काढायला वेगाचा वर्ग गुणिले ०.६. मुंबई-सुरतेला आयएस ८७५ (भारांचं भारतीय मानक) प्रमाणे मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, चेन्नई, विशाखापट्टणमला ५०. ४४ चा वर्ग १९३६, गुणिले ०.६ म्हणजे चौरस मीटरला साधारण ११६२ न्यूटन, किलोत सांगायचं तर साधारण ११८ किलो. कमानीवर १० बाय ६ मीटरचा सपाट पत्रा लावला तर ७ टन, आणि हे आकाराचे, उंचीचे गुणक लावायच्या आधी. पूर्व किनारा आणि गुजरातच्या किनाऱ्याला चक्रीवादळाचा गुणक वेगळा. म्हणून पत्र्याला भोकं पाडा, जाळी करा, वाऱ्याला जायला वाट द्या. भोकांची नक्षी हेच तुमचं कोरीवकाम होऊ शकतं, संध्याकाळी त्यातून ऊन पडेल ते वेगळंच.

पत्रा सपाट असला की पोट काढतो, वाऱ्यात धडधडतो. हे मला पुस्तकातून नाही, सोनगीरला कळलं. आग्रा रोडनं शिरपूरकडं जाताना सोनगीर लागतं, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. तिथं एका म्हाताऱ्या आबांजवळ बसलो होतो, हंड्याच्या पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठोके, ठक ठक ठक, एका ठोक्याला लागून दुसरा, कुठं जागा सुटत नाही. मी विचारलं आबा, हे नक्षीसाठी का? ते म्हणाले, "भाऊ, पत्राले ठोक दिधा नही तं तो उभा ऱ्हास नही." त्यांनी न ठोकलेला पत्रा माझ्या हातात दिला, दोन बोटांनी दाबला तर आत गेला. मग ठोकलेला दिला, जाडी तीच, दबता दबेना. ठोक्यांनी धातू घट्ट होतो आणि प्रत्येक खळगा म्हणजे छोटी कमान. भाचीला मी म्हटलं, शिंपल्याच्या नादात कशाला पडतेस, अमळनेरहून दीड-दोन तासांवर तुझं मटेरियल बसलंय. मठारलेल्या तांब्याच्या छोट्या छोट्या पट्ट्या, स्टेनलेसच्या फासळ्यांवर नायलॉनच्या पॅकिंगनं वेगळ्या ठेवलेल्या, आणि तांब्यावरून गळणारं पाणी खालच्या गॅल्व्हनाइझ भागावर पडणार नाही अशी पन्हळ, कारण ते पाणीही जस्ताला खातं. खाऱ्या हवेत तांबं हळूहळू हिरवं होत जाईल, ते छानच दिसेल.

अजून एक, ऊन. १०० मीटर स्टील एका अंशाला साधारण १.२ मिलिमीटर वाढतं. दुपारचं तापलेलं धातू आणि पहाटेचं गार यात ३० अंशांचा फरक धरला तर ३६ मिलिमीटर. हे सरकायला कुठं जाणार ते दाखवा, एका टोकाला सरकती बेअरिंग आणि डेकमध्ये जॉइंट, आणि तो जॉइंट असा की चपलेची टाच, पांढरी काठी, बाळाच्या गाडीचं चाक अडकणार नाही. रेलिंगची हातात येणारी पट्टी धातूची उघडी ठेवू नका, मे महिन्यात जळगावच्या एसटी स्टँडवरच्या लोखंडी पाइपला हात लावून बघा म्हणजे कळेल का ते.

परवानग्या, थोडक्यात

सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचा, विषय प्रोजेक्टमध्ये निदान एका शीटवर यायलाच हवा. समुद्राच्या बाजूनं कमाल भरतीरेषेपासून जमिनीकडं ५०० मीटरचा पट्टा नियमात येतो, खाडीला वेगळं माप आहे, २०१९ ची अधिसूचना डाउनलोड करून वाचा. तिवरं असतील तर पूल तिथून नकोच, दुसरीकडं सरकवा. दिवे खाली पायांजवळ, पाण्याकडं तोंड करून फ्लडलाइट नाही, बोटवाल्यांचे डोळे दिपतात आणि कासवं येत असतील तर त्यांची पिल्लं उजेडाकडं भरकटतात.

शीटवर काय पाहिजे

रेंडर दोनच करा, एक बोटीतून दिसणारं आणि एक पुलावर उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यातून. बाकी वेळ एका जॉइंटच्या ड्रॉइंगला द्या, १ ला ५ मध्ये, बोल्ट, वॉशर, पॅकिंग, वेल्ड, पाणी कुठून गळणार, पाना फिरवायला हात जातो का. एक सेक्शन (उभा छेद) असा की त्यात उधाणाची पातळी, ओहोटीची पातळी, बोटीची काठी आणि चिखलाखालचा खडक सगळं एका कागदावर दिसेल. आणि मॉडेल थर्माकोलचं नको, तार आणि पट्ट्यांचं करा, मग त्याच्यावर मध्यावर एक किलो तांदळाची पिशवी ठेवा, नंतर तीच पिशवी एका कडेला सरकवा आणि खाली वाकून बघा.

भाचीनं ते दुसऱ्याच दिवशी केलं, आमच्या स्वयंपाकघरातल्या तांदळाची पिशवी घेऊन. मधे ठेवली तेव्हा काही झालं नाही, कडेला सरकवली तर सगळी फासळ्यांची रांग एका अंगाला पिळली. आता ती खालून तिरप्या पट्ट्या लावतेय, आणि त्या पट्ट्या कठड्यापर्यंत वर नेता येतील का ते बघतेय.